लिफ्ट अंशतः चालू आहे

आमच्या भाऊजींना कुणी सरळ प्रश्न विचारला की ते आधी चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात, पुन्हा डोळ्यांवर चढवतात आणि मग जे उत्तर देतात त्यात उत्तर सोडून बाकी सगळं असतं. ‘जेवलात का?’ म्हणून विचारावं, तर ‘त्या दृष्टीने हालचाली सुरू आहेत’ म्हणतात. लग्नाआधी पहिल्या भेटीत ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्यांना विचारलं होतं, “तुम्ही सिगारेट ओढता का?” भाऊजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “अंशतः खरं आहे.” ताई खळखळून हसली. तिला वाटलं, माणूस विनोदी आहे. लग्नानंतर कळलं की माणूस विनोदी नाही, आरोग्य विभागात आहे.

तेव्हापासून त्यांचं नावच अंशतः पडलं. आमच्या इमारतीतली पोरं त्यांना अंशतःकाका म्हणतात, कचेरीतले लोक पाठीमागे अंशतःसाहेब म्हणतात. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे ताई संतापली की वरून नुसता ‘अहो अंशतः!’ असा पुकारा ऐकू येतो आणि मी माझ्या घरात उगाचच सावरून बसतो.

प्रादेशिक सरकारच्या आरोग्य विभागात ‘विधानसभा प्रश्न’ नावाचं एक टेबल आहे. त्याच्यामागे एक लोखंडी कपाट, वर कुरकुरणारा पंखा आणि खिडकीतून दिसणारा साहेबलोकांच्या गाड्यांचा तळ. त्या टेबलावर भाऊजींनी सव्वीस वर्षं काढली. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात असं आपण समजतो. मंत्रीही तसंच समजतात. प्रत्यक्षात उत्तर भाऊजी देतात, मंत्री फक्त आवाज देतात.

ही विधानसभा आणि भाऊजींची नोकरी एकाच वर्षी सुरू झाली. त्याआधी आमच्या भागाचा सगळा कारभार लांबच्या राजधानीतून चालायचा. तिथल्या साहेबांना आमच्या गावांची नावंसुद्धा धड उच्चारता येत नसत. मग आंदोलनं झाली, वाटाघाटी झाल्या आणि शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी एवढं आमच्या हातात आलं. त्या दिवशी चोवीस वर्षांचे भाऊजी दिव्याच्या खांबाच्या चौथऱ्यावर चढून घसा बसेपर्यंत ओरडले होते. आता आपली माणसं आपल्या माणसांना आपल्या भाषेत जाब विचारणार! त्या भरातच त्यांनी ह्या नोकरीचा अर्ज केला.

आपली माणसं जाब विचारतात, नाही असं नाही. फरक इतकाच पडला, की पूर्वी थापेबाज उत्तर यायला तीन महिने लागायचे, आता ते दहा दिवसांत येतं आणि शुद्धलेखन तपासून येतं. शिवाय एक नवी सोय झाली. अगदीच अडचण झाली की लिहायचं, ‘सदर बाब केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते.’ तिकडे केंद्रात कुणी विचारलं की तिथला एखादा अंशतः लिहितो, ‘सदर बाब प्रादेशिक सरकारच्या अखत्यारीत येते.’ दोन दारांच्या मधल्या बोळकांडीत आपण उभे, हातात अर्ज घेऊन. मला तर त्या विधानसभेच्या पांढऱ्याशुभ्र घुमटाकडे पाहिलं तरी तोंडात कडवटपणा येतो.

भाऊजींच्या हाताखाली जी जी माणसं तयार झाली, त्यांना त्यांनी चार उत्तरं शिकवली: ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. “होय हे जालीम औषध आहे,” ते म्हणत. “वर्षातून एखादा थेंब. आमदारांना सवय लागता कामा नये.”

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. त्या टेबलाची एक रीत होती. मंत्र्यांच्या हातात जी फाईल जायची, तिच्यात दोन कागद असायचे. वर पांढरा कागद, सभागृहात वाचायचं उत्तर. त्याखाली पिवळा कागद, फक्त मंत्र्यांच्या माहितीसाठी, वाचून दाखवायचा नाही. पिवळ्यावर खरं काय घडलं ते सगळं असायचं, आणि शेवटी, आमदार मागेच लागले तर निसटायचं कसं, त्याच्या सूचना. भाऊजी पिवळा कागद फार मन लावून लिहायचे. तारखा, वेळा, माणसं, सगळं पारखून. कुणी त्यांच्या नोकरीची चेष्टा केली की छाती पुढे काढून म्हणायचे, “मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. पिवळ्यावर पाहा. सगळं आहे.”

पाहणार कोण? सव्वीस वर्षांचं सत्य गठ्ठे बांधून तळघरात पडलेलं, आणि हा माणूस रात्री शांत झोपायचा, कारण त्याने ते लिहिलेलं असायचं!

ताई मात्र दुसऱ्या टोकाची. ती महिला रुग्णालयात सिस्टर आहे, तिसऱ्या मजल्यावर, बाळंतपणाच्या वॉर्डची प्रमुख. ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावरच. आणि त्या रुग्णालयाची एकुलती एक लिफ्ट बंद पडली.

बंद पडली म्हणजे एक दिवस खालीच बसली, ती उठलीच नाही. पहिला आठवडा सगळ्यांनी समजून घेतलं. मग महिना झाला, मग सहा महिने. कळा येणाऱ्या बायकांना वर न्यायचं कसं? स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकायचं. मग कुणीतरी कॅन्टीनमधली प्लास्टिकची खुर्ची आणली. बाईला खुर्चीत बसवायचं, चौघांनी चार पाय धरायचे आणि वर न्यायचं. नवरा, दीर, रखवालदार, जो सापडेल तो. माणसं कमी पडली की चौथा पाय ताई धरायची. पन्नाशीला आलेली बाई! तिचा उजवा खांदा त्या खुर्चीनेच कामातून गेला. खुर्चीचा एक पाय तडकला तेव्हा त्याला बँडेज बांधलं. रुग्णालयात बँडेज मुबलक होतं, एवढं मी सरकारच्या बाजूने नमूद करतो.

विधानसभेत एक आमदार बाई होत्या, राजकारणात येण्याआधी शाळेत शिकवायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी प्रश्न टाकला: महिला रुग्णालयातील लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? भाऊजींनी पांढऱ्यावर लिहिलं, ‘हे खरे नाही. लिफ्ट देखभालीखाली आहे.’ चार महिन्यांनी बाईंनी पुन्हा विचारलं. रुग्णालयाकडून अहवाल आला होता, की लिफ्टचं बटण दाबल्यावर दार उघडतं आणि आत दिवाही लागतो, फक्त ती हलत नाही. त्यावरून भाऊजींनी लिहिलं, ‘लिफ्ट अंशतः चालू आहे.’

ते पेपरात छापून आलं. ताईने वॉर्डमध्ये ते वाचलं, खांद्याला शेक घेत. घरी आली आणि म्हणाली, “अहो, तुमच्या अंशतः चालू लिफ्टमध्ये आज एक मांजर व्यायली. चला, निदान एकीचं बाळंतपण तरी तिथे झालं.”

भाऊजी म्हणाले, “पिवळ्यावर मी लिहिलं होतं गं.”

आणि मग ते घडलं. एका सकाळी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर, खुर्चीतली बाई म्हणाली, “मला उतरवा.” पुढे न्यायला वेळच नव्हता. ती तिथेच, आग विझवायच्या वाळूच्या बादल्यांखाली बाळंत झाली. ताईने गुडघ्यांवर बसून बाळ हातात घेतलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. खाली नळावर जाऊन ताईने हात धुतले आणि मग जिन्यावर बसून अर्धा तास रडली. हे तिने मला सांगितलं, भाऊजींना नाही.

मास्तरीणबाईंनी तिसऱ्यांदा प्रश्न टाकला. या वेळी चांगला लांबलचक. लिफ्ट बंद आहे काय, किती महिने, कशामुळे, आणि जिन्यावर एका महिलेची प्रसूती झाली हे खरे आहे काय?

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ताईकडे पेपर मागायला गेलो होतो. ताई खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली. भाऊजी आले, चप्पल काढता काढताच म्हणाले, “पुढच्या मंगळवारी रजा टाक. विधानसभेच्या गॅलरीत यायचंय. तुझं अभिनंदन होणार आहे.”

“माझं? कशाबद्दल?”

“ती... त्या प्रसूतीबद्दल. आपल्या बाजूचे एक आमदार उपप्रश्न विचारतील, की अशा कर्तव्यदक्ष परिचारिकेचा सरकार गौरव करणार काय. मंत्री म्हणतील, होय. प्रशस्तिपत्र देणार आहेत.”

“हा उपप्रश्न त्या आमदाराला सुचला?”

भाऊजींनी चष्मा काढला.

“म्हणजे तुम्हीच लिहून दिलात,” ताई म्हणाली. “प्रश्नही तुम्ही, उत्तरही तुम्ही. मग ती दोन माणसं तिथे कशाला? आणि मूळ प्रश्नाचं काय लिहिलंत? वाचा.”

“गोपनीय असतं ते.”

“वाचा म्हणते ना! ह्याच्यासमोर वाचा,” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी पेपरात तोंड घातलं.

भाऊजींनी पिशवीतून कागद काढला आणि पुटपुटत वाचला, “‘सदर प्रसूती रुग्णालयाच्या इमारतीतच, प्रशिक्षित परिचारिकेच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली सुखरूप पार पडली.’ आता सांग, यातला एक तरी शब्द खोटा आहे?”

“नाही ना! तेच तर! एखादा खोटा असता तर मी माफ केलं असतं. जिना कुठे गेला यातला?”

“इमारत म्हटलं की जिना आलाच.”

“आणि ती ओरडत होती ते?”

“ते त्यांनी विचारलेलं नाही.”

“पायरीची कड तिच्या कमरेत रुतत होती म्हणून मी माझा स्वेटर तिच्या पाठीखाली सरकवला. तेही लिहा की! ‘परिचारिकेचा स्वेटर अंशतः उपलब्ध होता.’”

“पिवळ्यावर लिहीन गं. स्वेटरसुद्धा लिहीन.”

“पिवळं वाचतं कोण?”

“मंत्री.”

“वाचतात?”

पुन्हा चष्मा. “त्यांच्याकडे पाठवलं जातं.”

ताईने पाण्याची पिशवी टेबलावर आपटली. “हे बघा. माझ्याकडे एक बाई येते तपासायला. पोटात जुळं आहे, आठवा महिना, रक्तदाब चढलेला, पायांवर ही सूज. एका महिन्यात ती येणार आणि तिचं ऑपरेशन करावं लागणार. तिला त्या बँडेज बांधलेल्या खुर्चीतून तीन मजले नेलं तर ती वर पोचेल की नाही, मला खात्री नाही. डॉक्टरांनाही नाही. तिला वर कशी नेऊ ते सांगा. तुमच्या प्रशस्तिपत्रावर बसवून नेऊ?”

भाऊजींनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना प्रश्नानंतर चष्म्याला हात न लावता बसलेलं पाहिलं. मी पेपर न घेताच खाली आलो.

मंगळवारी मी ताईबरोबर गॅलरीत गेलो. तिने इस्त्रीचा गणवेश घातला होता, कारण तसा निरोपच होता. दारात आमच्या पिशव्या तपासल्या, मोबाईल काढून घेतले आणि एका शिपायाने बजावलं, पायावर पाय टाकायचा नाही, हसायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. मी खाली सभागृहात नजर टाकली. तिथे सगळं चाललं होतं. एक आमदार डोळे मिटून बसले होते आणि त्यांची हनुवटी टप्प्याटप्प्याने खाली येत होती. एकजण नखं कापत होते. कापत होते, मी पाहिलं, आणि तुकडे गोळा करून शेजाऱ्याच्या टेबलाकडे सारत होते. पहिला प्रश्न होता भाऊजींच्या भाषेत आपल्या बाजूच्या, म्हणजे सरकारच्या बाजूच्या एका आमदाराचा. हे आमदार मंत्र्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर ‘वा! वा!’ म्हणत, म्हणून त्यांना सगळे वावासाहेब म्हणायचे. त्यांनी विचारलं, सरकारने केलेल्या उत्तम कामांची यादी मंत्री महोदय देतील काय? ती यादी पस्तीस मिनिटं चालली. प्रश्नांचा तास म्हणतात तो हा. लोकांनी खांबांवर चढून, ओरडून मिळवलेला.

शेवटी मास्तरीणबाईंच्या प्रश्नाचा पुकारा झाला. बाजूच्या कठड्यामागे अधिकारी बसतात, तिथे भाऊजी होते, त्यांच्या शेजारी त्यांचे उपसचिव, पाठ ताठ, चेहऱ्यावर समाधान. आरोग्यमंत्री उठले. घसा साफ केला, फाईल उघडली आणि वरचा पांढरा कागद वाचायला लागले. ह्या मंत्र्यांची ख्याती अशी, की उत्तर वाचायच्या आधी ते कधी वाचत नसत. वाचताना तर त्यांचं लक्ष फक्त विरामचिन्हांकडे असायचं.

“अध्यक्ष महोदय,” त्यांनी दमदार आवाजात सुरुवात केली. “एक: होय. लिफ्ट चौदा महिन्यांपासून पूर्णतः बंद आहे.”

नखं कापणं थांबलं.

“दोन: नवी मोटर अकरा महिन्यांपूर्वीच आली असून ती रुग्णालयाच्या तळघरात खोक्यातच आहे. खोके कोणी उघडावयाचे याबाबत आरोग्य आणि बांधकाम या दोन विभागांत आजवर एकोणीस पत्रे झाली आहेत. तीन: होय. प्रसूती जिन्यावरच झाली. महिलेला प्लास्टिकच्या खुर्चीतून वर नेण्यात येत होते. खुर्चीचा एक पाय तडकलेला आहे. पायरी रुतत असल्याने परिचारिकेने स्वतःचा स्वेटर महिलेच्या पाठीखाली घातला. स्वेटर निळा होता.”

ताईने माझं मनगट पकडलं. तिचा तो दुखरा उजवा हात, पण पकड काय होती सांगू!

उपसचिवांच्या तोंडाचा आ झाला होता. ते भाऊजींकडे वळून काहीतरी कुजबुजले. भाऊजी समोर पाहत होते.

“चार,” मंत्री रंगात आले होते, “या विषयावर सभागृहात यापूर्वी दिलेली दोन्ही उत्तरे दिशाभूल करणारी होती. पाच: सदस्य अधिक खोलात शिरल्यास विषय केंद्राच्या निधीकडे वळवावा. तरीही न थांबल्यास माननीय मंत्र्यांनी घसा बसल्याचे निमित्त करून पाणी प्यावे.”

एवढं वाचून मंत्र्यांनी खरोखरच पेला उचलला आणि ते दोन घोट पाणी प्यायले. पाणी पिताना कुठेतरी, त्या दोन घोटांच्या मध्ये, आपण काय वाचलं ते त्यांच्या डोक्यात शिरलं. पेला ओठांपाशीच राहिला.

सभागृह असं चिडीचूप मी कधी कल्पनेतही ऐकलं नव्हतं. त्या शांततेने वावासाहेबांना जाग आली. त्यांना वाटलं, आपल्या उपप्रश्नाची वेळ झाली. ते लगबगीने उठले. “वा! वा! अध्यक्ष महोदय, इतक्या समाधानकारक उत्तराबद्दल मी मंत्री महोदयांचं अभिनंदन करतो आणि विचारू इच्छितो, की...”

पुढचं ऐकू आलं नाही. गॅलरीतला शिपाईसुद्धा हसत होता.

हसू ओसरल्यावर मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही की कागद फडकावला नाही. “अध्यक्ष महोदय,” त्या म्हणाल्या, “सात वर्षांत मला या सभागृहात मिळालेलं हे पहिलं उत्तर. मला ते मान्य आहे. मला फक्त एवढंच सांगा, खोकं कोण उघडणार?”

मंत्र्यांनी कागदात पाहिलं. कागदात ते नव्हतं. त्यांनी अधिकाऱ्यांच्या कठड्याकडे पाहिलं. उपसचिवांनी मान खाली घातली होती. भाऊजींनी चष्मा काढला होता आणि ते तो पुसत होते, सावकाश, दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी.

“मंत्री महोदय,” अध्यक्ष म्हणाले, “खोकं उद्या उघडलं जाईल, असं मी नोंदवू का?”

“होय,” मंत्री म्हणाले. त्यांच्या तोंडून सहज निघालेला तो शब्द ऐकून स्वतः त्यांनाच नवल वाटलं असावं.

खोकं दुसऱ्या दिवशी उघडलं. एका माणसाने, एका स्क्रूड्रायव्हरने, वीस मिनिटांत. अकरा महिने, एकोणीस पत्रं आणि वीस मिनिटं! हे मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा कुणाचं तरी डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं, आणि मग सवयीने माझंच जवळ सापडतं.

भाऊजींना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी खुलासा दिला: ‘त्या दिवशी पिवळा कागद संपला होता, म्हणून माहितीची टिपणी पांढऱ्यावर छापावी लागली. घाईत ती फाईलमध्ये वर लागली.’ चौकशी समितीने हे मान्य केलं, कारण दुसरं काही मान्य करायचं तर हा माणूस सव्वीस वर्षं काय करत होता तेही विचारावं लागलं असतं, आणि पिवळ्या गठ्ठ्यांना हात लावायची कुणाची तयारी नव्हती. भाऊजींची बढती थांबवली आणि त्यांना तिथून उचलून तळघरातल्या लेखनसामग्री भांडारात टाकलं.

त्या संध्याकाळी मी वर होतो. ताई खांद्याला मलम चोळत होती. तिने विचारलं, “अहो, कागद खरंच संपला होता?”

भाऊजींनी चष्मा काढला. हातात धरला. पुसला मात्र नाही. तसाच पुन्हा लावला आणि म्हणाले, “नाही.”

ताईने मलमाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. “पाठीमागे माझा हात पोचत नाही,” ती म्हणाली. “जरा चोळा.”

लिफ्ट बाराव्या दिवशी सुरू झाली. अर्थात मंत्री उद्घाटनाला आले, बरोबर पाच फोटोवाले घेऊन. तिसऱ्या मजल्यावर ताईला प्रशस्तिपत्र दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, ‘सभागृहात कटू सत्य सांगण्याचं धैर्य दाखवणारा मंत्री.’ त्यांना आता मोठं खातं मिळणार म्हणतात. आणि वावासाहेब सगळीकडे सांगत फिरतात, की त्या दिवशी सर्वांत आधी अभिनंदन मी केलं. मला हे वाचून जेवण जाईना. ताईने मात्र ते प्रशस्तिपत्र त्या तडकलेल्या खुर्चीबरोबर वॉर्डच्या अडगळीत ठेवून दिलं.

एकोणिसाव्या दिवशी ती जुळंवाली बाई आली. ताई तिच्याबरोबर लिफ्टमध्ये उभी राहिली. तिने मला सांगितलं, तीन मजले जायला बावीस सेकंद लागतात, आणि त्या बावीस सेकंदांत तिने एकदाही श्वास घेतला नाही. दोन मुलगे झाले. एकाचं वजन कमी होतं, पण आता भरलंय.

परवा मी भाऊजींना डबा द्यायला त्या तळघरात गेलो होतो. छपराला एकच ट्यूबलाईट, कपाटांच्या रांगा, डिंकाचा आणि नव्या कागदाचा वास. भाऊजी एका उंच स्टुलावर बसले होते, त्यांच्यामागे छतापर्यंत पिवळ्या कागदाचे गठ्ठे. पुन्हा तसा प्रकार घडू नये म्हणून विभागाने पाच वर्षांचा पिवळा कागद एकदम मागवला होता, आणि पाठवला होता कुठे, तर ह्यांच्याकडे!

तेवढ्यात त्यांच्या जुन्या टेबलावर आलेला नवा अधिकारी घाईघाईने खाली उतरला. कपाळावर घाम. “साहेब, उद्या उत्तर आहे, मास्तरीणबाईंचा प्रश्न आहे. शाळांच्या छपरांचा. पिवळा कागद द्या, एक गठ्ठा.”

भाऊजींनी नोंदवही उघडली, बोट फिरवलं, वही मिटली.

“संपलाय,” ते म्हणाले.

नव्या अधिकाऱ्याने भाऊजींच्या मागे पाहिलं. वर पाहिलं, छतापर्यंत. मग पुन्हा भाऊजींकडे पाहिलं. “साहेब, मग हे काय आहे?”

“हे मोजायचं राहिलंय. मोजल्याशिवाय देता येत नाही.”

“मग मी लिहू कशावर?”

भाऊजींनी डबा उघडला आणि ते जेवायला बसले. “पांढरा आहे की,” ते म्हणाले. “हवा तेवढा घेऊन जा.”